साचा म्हणजे मूर्ती नव्हे
हायब्रिड गेम कन्सोलच्या अफवा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०२४च्या गणपतीत रोह्याहून भाचा पेणला आला तो मोबाइल पुढे धरूनच. पाया पडायच्या आधी म्हणाला, "मामा, हे बघ! नवीन स्विच. कारखान्यातला फोटो फुटलाय. दिवाळीत येतोय." फोटोत राखाडी प्लास्टिकचं कवच होतं, बाकी काही नाही. मग खरा प्रश्न आला : "माझा जुना आत्ताच विकून टाकू? नंतर भाव पडेल."

त्याचा जुना म्हणजे निन्टेंडो स्विच. ३ मार्च २०१७ला बाजारात आलेलं हे यंत्र हातात धरून खेळता येतं आणि डॉक नावाच्या खोबणीत ठेवलं की तोच खेळ टीव्हीवर दिसतो. रोहेकराला हे समजावणं सोपं आहे. रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते, पण पेणला दिवा-सावंतवाडी गाडीत बसलेला प्रवासी जागचा हलत नाही. रूळ कोणाचे, हे त्याला कळतही नाही. हायब्रिड कन्सोलचं तसंच. खेळ चालूच राहतो, पडदा तेवढा बदलतो.

भाच्याला त्या दिवशी मी एवढंच म्हणालो, "थांब. विकू नकोस." आता नवं यंत्र बाजारात येऊन गेलं आहे, तेव्हा त्या वेळच्या अफवा शांतपणे तपासता येतात. पुढच्या कन्सोलच्या वेळीही त्या कपडे बदलून येणारच आहेत.

गैरसमज : फोटो फुटला म्हणजे वस्तू तयार आहे.

वस्तुस्थिती : पहिल्या स्विचच्या जन्माआधीची गोष्ट ऐका. १७ मार्च २०१५ला निन्टेंडोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी 'एनएक्स' या सांकेतिक नावाने नवं यंत्र तयार होत असल्याचं सांगितलं आणि पुढे दीड वर्ष कंपनीने तोंड मिटून घेतलं. ती पोकळी अफवांनी भरली. मार्च २०१६मध्ये लंबगोल कंट्रोलरचे फोटो इंटरनेटवर आले. पुढचा सगळा भाग म्हणजे पडदाच, त्यातून वर आलेल्या दोन दांड्या, खाली टेबल, थोडा अंधार. जगभरचे जाणकार हुरळले. काही दिवसांतच बनवणाऱ्यांनी स्वतः पुढे येऊन तो घरी कसा घडवला ते दाखवलं. त्यात थ्रीडी प्रिंटरचाही हात होता.

पण प्रत्येक फुटलेला फोटो खोटा असतो, असंही नाही. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेतल्या सीईएस प्रदर्शनात गेन्की या सुटे सामान बनवणाऱ्या कंपनीने स्विच २ची, म्हणजे या नव्या यंत्राची, थ्रीडी प्रिंट केलेली प्रतिकृती मांडली. निन्टेंडोने ती अधिकृत नसल्याचं सांगितलं. १६ जानेवारीला खरं यंत्र जाहीर झालं, तेव्हा प्रतिकृती बरीचशी जुळली. म्हणजे फोटो खरा की खोटा हे फोटोकडे बघून ठरत नाही. तो काढणाऱ्याच्या हाती ती वस्तू येण्याचं काही कारण होतं का, हे बघायचं. सामान बनवणाऱ्याला मापं आधी लागतात. अनोळखी खात्याला ती कशाला मिळतील?

गैरसमज : पेटंट घेतलंय, म्हणजे येणारच.

वस्तुस्थिती : त्या खोट्या कंट्रोलरवर लोकांचा विश्वास बसला तो पेटंटमुळे. २०१५च्या अखेरीस निन्टेंडोचा एक पेटंट-अर्ज प्रसिद्ध झाला होता आणि त्यातल्या आकृतीत लंबगोल पडदा आणि त्यातून वर येणाऱ्या दांड्या होत्या. नक्कल करणाऱ्यांनी ती आकृतीच उचलली, मग बघणाऱ्यांना वाटलं की पुरावा जुळला.

पेणकराला हे वेगळं सांगायला नको. हमरापूर किंवा जोह्याच्या गणपती कारखान्यात जा. कोपऱ्यात रबरी साच्यांची रास असते. काही दर वर्षी भरले जातात, काही चार वर्षांपासून धूळ खात असतात, काहींतून एक नमुना काढला आणि मालकाला सोंडेचं वळण आवडलं नाही. पेटंट हा साचा. कल्पना आपल्या नावावर राहावी म्हणून केलेली नोंद. त्यातून मूर्ती निघेलच, असं वचन त्यात नसतं. लंबगोल पडद्याचा तो कंट्रोलर आजवर बाजारात आलेला नाही.

गैरसमज : कंपनीनेच सांगितलं होतं, मार्चपर्यंत येणार.

वस्तुस्थिती : ही अफवा सर्वांत बेरकी, कारण तिच्या पोटात खरं वाक्य होतं. ७ मे २०२४ला अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी सांगितलं की स्विचच्या वारसदाराची घोषणा या आर्थिक वर्षात, म्हणजे ३१ मार्च २०२५पर्यंत होईल. घोषणा! विक्री नव्हे. वाक्य चार मोबाइलमधून फिरता फिरता 'घोषणा' गळून पडली, 'येणार' उरलं आणि आमच्याकडे पोहोचेपर्यंत त्याची 'दिवाळी' झाली. प्रत्यक्षात घोषणा जानेवारीत झाली, तपशील आणि किंमत २ एप्रिलला कळली आणि विक्री सुरू झाली ५ जून २०२५ला. कंपनीने शब्द पाळला, आपण तो नीट वाचला नाही.

गैरसमज : खरी ताकद डॉकमध्ये असते. डॉक बदलला की जुनं यंत्र नव्यासारखं चालेल.

वस्तुस्थिती : टीव्हीला लावल्यावर चित्र सुधारतं म्हणून हा समज. पण पहिल्या स्विचच्या डॉकमध्ये गणित करणारी चिप नाही. तो वीज पुरवतो आणि चित्र एचडीएमआय तारेतून टीव्हीकडे पाठवतो. सगळी मेहनत यंत्राच्या पोटातली चिपच करते. हातात असताना ती बॅटरी वाचवण्यासाठी आणि तळहाताला चटका बसू नये म्हणून दमाने चालते. भिंतीची वीज मिळाली की वेग वाढवते. म्हणून हातातल्या पडद्यावर ७२० रेषांचं चित्र आणि टीव्हीवर जास्तीत जास्त १०८०चं. स्विच २मध्ये हेच आकडे हातात १०८० आणि टीव्हीवर ४के असे झाले. त्याच्या डॉकमध्ये पंखा आहे, तोही यंत्राला वारा घालण्यापुरता. दुचाकीचा स्टँड बदलून इंजिन मोठं होत नाही, तसंच हे.

गैरसमज : ४केवाला 'स्विच प्रो' २०२१मध्येच आला होता.

वस्तुस्थिती : त्या वर्षी बातम्या जोरात होत्या, त्याही नावाजलेल्या वृत्तसंस्थांच्या. ऑक्टोबर २०२१मध्ये प्रत्यक्ष आलं ते ओएलईडी मॉडेल. पडदा ६.२ऐवजी ७ इंच, साठवण ३२ऐवजी ६४ जीबी, रंग देखणे, पण ४के नाही. 'प्रो' नावाचं यंत्र कधी आलंच नाही. मोठ्या नावाखाली छापलेला अंदाजही अंदाजच असतो.

गैरसमज : नवं यंत्र आलं की जुन्या गेम भंगारात.

वस्तुस्थिती : भाच्याची खरी भीती ही होती. नोव्हेंबर २०२४मध्ये फुरुकावांनीच सांगून टाकलं की स्विचच्या गेम नव्या यंत्रावर चालतील. तशा त्या चालतात, मोजके अपवाद सोडून. उलट दिशेने मात्र नाही. स्विच २ची गेम जुन्या स्विचवर चालत नाही.

दोन गोष्टी मात्र गाठीशी ठेवा. जुन्या स्विचमधलं मायक्रोएसडी कार्ड स्विच २मध्ये गेम साठवायला चालत नाही, त्याला 'मायक्रोएसडी एक्सप्रेस' हा वेगवान प्रकारच लागतो. आणि 'कार्ट्रिज घेतलं की नेटची कटकट नाही' हेही आता पूर्ण खरं नाही. स्विच २च्या काही गेम 'गेम-की कार्ड'वर मिळतात. त्या कार्डात गेम नसते, फक्त किल्ली असते. गेम नेटवरून उतरवून घ्यावी लागते आणि खेळताना कार्डही आत घातलेलं लागतं. वाडीत ज्यांच्याकडे रेंज शोधायला गच्चीवर जावं लागतं, त्यांनी डब्यावरचा मजकूर आधी वाचावा.

गैरसमज : जपानहून मागवलं की स्वस्तात पडतं.

वस्तुस्थिती : किंमत खरोखर कमी होती. अमेरिकेत स्विच २ची सुरुवातीची किंमत ४४९.९९ डॉलर होती, जपानमध्ये ४९,९८० येन, म्हणजे हिशेबाने बरीच खाली. पण जपानमधल्या त्या स्वस्त यंत्राची भाषा फक्त जपानी आहे आणि त्यावर जपान विभागाचंच खातं चालतं. अनेक भाषांचं यंत्र जपानमध्येच सुरुवातीला ६९,९८० येनांना होतं. एखाद्या काकांनी प्रेमाने डबा आणला आणि पहिला पडदा वाचता आला नाही, तर चूक काकांची नाही.

भारतातल्या खरेदीदारासाठी निन्टेंडोचं वेगळं ऑनलाइन दुकान नाही. इथे बहुतेक यंत्रं खासगी आयातीतून येतात, म्हणून हमी कोण देणार आणि दुरुस्ती कुठे होणार हे पैसे देण्याआधी विचारा. अजून न आलेल्या यंत्राचा 'नंबर लावण्यासाठी' कोणी क्यूआर कोड पाठवला, तर पैसे भरू नका. भरून बसला असाल, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. दुकानदाराशी वाद असेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

गैरसमज : हातात आणि टीव्हीवर, दोन्ही चालणारं हे पहिलंच यंत्र.

वस्तुस्थिती : सेगाचं 'नोमॅड' १९९५मध्ये हे करत होतं. घरच्या कन्सोलच्या गेम त्यात घालायच्या, हातात खेळायच्या, हवं तर टीव्हीला जोडायचं. सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते दोन-तीन तासांत मान टाकायचे. कल्पना जुनीच होती. ती पेलणारी चिप आणि बॅटरी यायला पुढची वीस वर्षं गेली.

आणि खरं सांगायचं तर हायब्रिड यंत्र आपल्या बाजारातही केव्हाचं आहे. खेळण्यांच्या दुकानात टांगलेला तो '४०० इन १'वाला चपटा डबा आठवा. छोटा पडदा, खाली दोन लाल बटणं, टीव्हीला जोडायची एव्ही तार आणि दुसऱ्या खेळाडूसाठी वेगळं पॅड. हजार रुपयांच्या आत हायब्रिड! त्यातल्या गेम १९८०च्या दशकातल्या आठ-बिट यंत्रावरच्या आणि त्यांच्या नकला. आमच्या लहानपणी तर पिवळ्या कार्ट्रिजवर '९९९९९९ इन १' छापलेलं असायचं. यादी उतरत गेलं की कळायचं, गेम पाच-पंचवीसच. तीच गेम दुसऱ्या पातळीपासून सुरू केली की तिला नवं नाव. अफवेचा पहिला धडा आम्हाला त्या पिवळ्या कार्ट्रिजने दिला होता. पिढी बदलली, आकड्यावर भुलण्याची खोड तेवढी राहिली.

भाच्याने तेव्हा जुना विकला नाही. नवा अजून घेतलेला नाही, बारावीनंतर बघू असं घरात ठरलंय. मागच्या महिन्यात त्याचा मेसेज आला : "मामा, नव्या मॉडेलचं पेटंट सापडलंय." खाली आकृती होती. मी उत्तर लिहायला घेतलं, तोवर त्याचाच दुसरा मेसेज आला : "माहितीये. साचा."