उलटी माशी: पिसं, धागा आणि गळ

ताईंनो, कोंबडीच्या पिसांची ‘माशी’ बांधा आणि घरबसल्या कमवा, असा व्हिडिओ गटांच्या व्हॉट्सअॅपवर फिरतोय. साहित्यासाठी बचतीतून पैसे काढायचे का, अशी विचारणाही झाली. आधी ती वस्तू काय आहे ते समजून घेऊ.

आपल्याकडे धरणावर गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावतात. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा. काश्मीर, हिमाचलच्या नद्यांत इंग्रजांनी तो आणून सोडला; आपल्या उन्हाळ्यात तो टिकणार नाही. पाण्यावर बसलेले किडे तो वरच्यावर टिपतो. म्हणून गळावर पीस आणि धागा गुंडाळून खोटा किडा करतात. तो तरंगतो कसा? शिवणाची कोरडी सुई वाटीतल्या पाण्यावर अलगद आडवी ठेवून बघा, बुडत नाही. पाण्याच्या वरच्या थराला सायीसारखा ताण असतो. पिसाचे ताठ केस त्यावरच उभे राहतात.

अडचण अशी, की गळाचं टोक खाली लोंबतं आणि मासा बघतो खालूनच. सावध मासा तोंड लावत नाही. म्हणून जॉन गॉडार्ड आणि ब्रायन क्लार्क या दोघा इंग्रजांनी 1980 च्या त्यांच्या पुस्तकात उलटी माशी दाखवली. टोक वर, हवेत. नेहमीच्या माशीत पीस गळाच्या दांडीभोवती गुंडाळतात. हिच्यात दांडीच्या पाठीवर छोटा खुंट करून त्याच्याभोवती चकलीसारखं आडवं गुंडाळायचं, आणि पंख टोकाच्या बाजूला बांधायचे. पडताना ती चकली छत्रीसारखी हवा धरते, माशी पाठीवर उतरते. काम किचकट आहे, पण बारीक मणी ओवणाऱ्या हातांना अवघड नाही.

‘पिसं घरचीच’ हे मात्र खरं नाही. पूर्ण वाढलेल्या कोंबड्याच्या मानेचं, अरुंद आणि ताठ पीस लागतं. ब्रॉयलर दीड महिन्यात कापला जातो, त्याचं चालत नाही. अमेरिकेत तर खास यासाठी कोंबडे पाळतात.

धंदा खोटा नाही. केनियात बायका माश्या बांधतात आणि माल परदेशात जातो. पण करमाडच्या बाजारात ही माशी कोण घेणार? सगळा भार त्या एका खरेदीदारावर. तो आधी साहित्याचे पैसे मागत असेल आणि ‘माल आम्हीच उचलू’ म्हणत असेल, तर जपून. पुढं माल ‘नापास’ ठरवला की पैसेही गेले आणि मेहनतही.

त्याला सांगा: नमुना तुमचा, पहिल्या डझनाचं साहित्य तुमचं, दर कागदावर लिहून द्या. कबूल झाला तर मला बोलवा, पहिली माशी मीही तुमच्यासोबत बसून बांधते.