तोफेलाही ताजी हवा लागते

अमेरिकेत बटाट्याच्या तोफेचा छंद जुना आहे. प्लास्टिकच्या नळीत बटाटा ठासायचा, मागच्या कोठीत केसांचा स्प्रे फवारायचा आणि ठिणगी टाकायची. पहिला बार दणक्यात निघतो. लगेच दुसरा उडवायला जावे, तर ठिणगी पडूनही काही होत नाही. इंधन असते, पण कोठीतली हवा वापरून झालेली असते.

प्रोपेनवर चालणाऱ्या, पंपाच्या तोफेची सगळी रचना या अडचणीतून निघते. प्रोपेनच्या एका रेणूला जळायला ऑक्सिजनचे पाच रेणू लागतात. हवेत ऑक्सिजन 21 टक्केच, म्हणून एक भाग प्रोपेनला सुमारे 24 भाग हवा हवी. म्हणजे मिश्रणात प्रोपेन जेमतेम 4 टक्के. ते 2 टक्क्यांच्या खाली किंवा साडेनऊच्या वर गेले, तर पेटतच नाही. बार झाल्यावर कोठीत उरतात नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ. पंपाचा दांडा ओढला की हे जळके वायू बाहेर जातात आणि ताजी हवा आत येते. निकोलाउस ओटो यांच्या 1876 च्या फोर-स्ट्रोक इंजिनातही दट्ट्या हेच काम करतो.

याच तत्त्वाचे सर्वांत नेटके रूप सुतारकामात सापडते. पॅसलोड कंपनीची गॅसवरची नेलगन 1986 मध्ये बाजारात आली. तिचे टोक लाकडावर दाबले की कोठी बंद होते, मोजका गॅस आत येतो, पंखा तो हवेत मिसळतो. मग घोडा दाबला की ठिणगी पडते आणि दट्ट्या खिळा ठोकतो. गन उचलली की कोठी उघडते आणि तोच पंखा जळके वायू बाहेर काढतो. टोक दाबल्याशिवाय बार होत नाही, ही सुरक्षितता रचनेतच आहे.

घरगुती तोफेत नेमकी तीच नसते. पाण्यासाठी बनवलेला पीव्हीसी पाइप स्फोटाच्या दाबाने फुटला, तर त्याचे धारदार तुकडे उडतात. आपल्याकडच्या कार्बाइड गनमध्ये धोका आणखी मोठा. कार्बाइड आणि पाण्यातून निघणारा ॲसिटिलीन जवळजवळ कोणत्याही प्रमाणात पेटतो, त्यामुळे बार का झाला नाही म्हणून नळीत डोकावणे घातक ठरते. 2025 च्या दिवाळीत भोपाळमध्ये अनेक मुलांच्या डोळ्यांना अशा गनने इजा झाली.

मुलांचे कुतूहल मोलाचे आहे. त्यांना हे रसायन शाळेच्या प्रयोगशाळेत, जाणत्या शिक्षकांसमोर दाखवा. पाइपची तोफ मात्र हातात देऊ नका.