हात लावून पाहावे असे विज्ञान

प्रदर्शन म्हटले की काचेची पेटी, तिच्यात ठेवलेली वस्तू आणि शेजारी 'हात लावू नये' अशी पाटी, हेच चित्र आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. फ्रँक ओपेनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने १९६९ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात 'एक्सप्लोरेटोरियम' सुरू केले, तेव्हा त्यांनी नेमकी ही रीत उलटी केली. तेथील मांडणी पाहणाऱ्याने फिरवावी, ओढावी, बिघडली तर का बिघडली ते विचारावे, अशी अपेक्षा होती.

आपल्याकडे वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र याच वाटेने उभे राहिले. १९७७ मध्ये प्रकाश आणि दृष्टी या विषयावरील दालन, १९७९ या आंतरराष्ट्रीय बालवर्षात मुलांसाठी विज्ञान उद्यान आणि ११ नोव्हेंबर १९८५ रोजी पूर्ण केंद्र, असा त्याचा क्रम आहे. डोळखांबहून निघालेल्या कुटुंबाने शहापूरमार्गे आसनगाव गाठावे, लोकलने दादरला उतरावे, तेथून पश्चिम रेल्वेने महालक्ष्मीला जावे. जरूर जावे. परंतु चार माणसांचे भाडे आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी हा हिशेबही त्याच वाटेवर आहे, हे आम्ही विसरू शकत नाही. म्हणून प्रदर्शनाने गावाकडे आले पाहिजे. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालयाने १९६५ मध्येच फिरते प्रदर्शन खेड्यांकडे धाडले होते. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी तर आगकाड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, रिकाम्या बाटल्या यांतून प्रयोग घडवून दाखवले. एवढे सामान आठवड्याच्या बाजारातही मिळते.

हे काम बौद्ध संस्थेच्या वसतिशाळेने का अंगावर घ्यावे, असे कोणी विचारील. धम्मवंदनेत आपण धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतो. ये आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. केसपुत्तच्या कालामांनाही भगवंतांनी हेच सांगितले, की परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू म्हणतात एवढ्यावरून काही स्वीकारू नका, अनुभवाने पारखा. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ च्या घटनादुरुस्तीने संविधानात आले. आपल्या मुलांना तो प्रार्थनेतूनच भेटलेला असतो. फक्त तो हातांपर्यंत पोहोचायला हवा.

शाळेतल्या प्रदर्शनात कोणते प्रयोग असावेत, याविषयी आमचे मत ठाम आहे. चुंबक आणि भिंगे हवीतच. पण घरच्या प्रश्नाला हात घालणारे दोन तरी प्रयोग हवेत.

पहिला काविळीचा. भगत रोग्याच्या अंगावरून हात फिरवतो, चुन्याच्या निवळीत हात धुतो, पाणी पिवळे होते आणि 'कावीळ उतरली' असे सर्वांना वाटते. आंब्याच्या सालीचा रस तळहातांवर चोळून वाळवला की तो दिसत नाही. चुन्याची निवळी लागताच मात्र पिवळा रंग उतरतो. प्रयोगात एका धडधाकट मुलाचीच 'कावीळ' उतरवावी. मग दुसऱ्याने रस न लावता त्याच निवळीत हात धुवावेत. पाणी जसेच्या तसे राहते. दोन परातींतील हा फरक पाहिलेल्या आईला व्याख्यानाची गरज उरत नाही. कावीळ यकृताशी निगडित असते, रक्त तपासल्याशिवाय तिचे कारण कळत नाही, आणि उतरवण्यात गेलेले दिवस कधी कधी जिवावर बेततात.

दुसरा पाण्याचा. एक बादली उंचावर, एक खाली, मधे पाण्याने पूर्ण भरलेली नळी. वरचे पाणी आपोआप खाली येते. नळी मधे थोडी उंच उचलली तरी येते. खालची बादली वरच्या पातळीपर्यंत उचलली की प्रवाह थांबतो. मुले हे तासभर करीत राहतात, करू द्यावे. आपल्या तालुक्यातील तानसा जलाशयाचे पाणी १८९२ पासून मुंबईस जाते ते असेच, उताराच्या बळावर. भातसाचे पाणी मात्र नदीवाटे पिसे येथे पोहोचते आणि तेथे पंपाने उचलले जाते. एवढे झाले की मुले स्वतःहूनच विचारतात: मग आमच्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकर का?

या प्रश्नाला टाळू नये. पाडा जलाशयाच्या वर आहे, पाणी आपणहून चढत नाही, हे उत्तराचे पहिले पाऊल. पुढचे गणित नववी-दहावीच्या मुलांनी फळ्यावर मांडावे. १,००० लिटर पाणी ५० मीटर उंच चढवण्यास सुमारे ४,९०,००० ज्यूल ऊर्जा लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६,००,००० ज्यूल. पंपात निम्मी ऊर्जा वाया गेली असे धरले, तरी पाव युनिटाहून किंचित अधिक वीज पुरते. जलवाहिनी, शुद्धीकरण, देखभाल यांचा खर्च वेगळा, तोही मुलांनी मांडावा. पण निदान ती चढण विजेला जड नाही, हे आकडा सांगतो, आणि असा आकडा कागदावर घेऊन ग्रामसभेत उभे राहता येते.

पालकांविषयी थोडे. न शिकलेले आईबाप अशा प्रसंगी दाराशीच थांबतात. आपल्याला काय कळणार, हा त्यांचा संकोच. त्यांच्यासाठी कप्प्या टांगाव्यात. विहिरीचे पाणी शेंदण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या बाया दोर हाती घेताच सांगतात की एका स्थिर कप्पीने ओझे हलके होत नाही, फक्त ओढण्याची दिशा सोयीची होते. सरकती कप्पी जोडली की त्यांना नवल वाटते: जोर निम्मा लागतो, पण दोर दुप्पट ओढावा लागतो. तेव्हा समजावणारी आई असते आणि ऐकणारे मूल.

मांडणी करणाऱ्यांना एकच विनंती. प्रयोगाशेजारी उभ्या राहणाऱ्या मुलाला पाठ केलेले भाषण देऊ नये. त्याने पाहुण्याच्या हाती वस्तू द्यावी, 'आता काय होईल असे वाटते?' एवढे विचारावे आणि थांबावे. प्रत्येक मेजाजवळ एक बाकही ठेवावा. वयस्कर मंडळींना उभ्याने फार वेळ पाहवत नाही.