एक लाख पेटंट आणि रक्ताच्या थेंबावरचा हक्क

मार्च २०२४ च्या मध्यावर केंद्र सरकारने दिलेला आकडा अनेकांना पाठ झाला असेल. १५ मार्च २०२३ ते १४ मार्च २०२४ या एका वर्षात भारतीय पेटंट कार्यालयाने एक लाखाहून जास्त पेटंट दिली. सुट्या धरूनही दिवसाला सरासरी अडीचशेहून जास्त. एकेकाळी अर्ज वर्षानुवर्षे धूळ खात पडत, हे आठवणाऱ्या संशोधकांना या वेगाचा आनंद व्हायलाच हवा. पण पेटंट म्हणजे वीस वर्षांची मक्तेदारी. ती कोणत्या गोष्टीवर मिळते आणि कोणत्या गोष्टीवर मिळत नाही, हे एक लाखाच्या आकड्यातून कळत नाही. सामान्य माणसाच्या खिशाशी आणि प्रकृतीशी संबंध आहे तो या दुसऱ्या प्रश्नाचा.

काही ठिकाणी उत्तर सोपे असते. ब्रिटनमधल्या जेम्स डायसन यांच्या घरचा व्हॅक्यूम क्लीनर नीट ओढत नव्हता, कारण पिशवीची छिद्रे धुळीने बुजत होती. लाकूड गिरणीत भुसा वेगळा काढायला वापरतात तसा हवेचा भोवरा त्यांनी घरगुती यंत्रात बसवायचे ठरवले आणि त्यासाठी ५,१२७ नमुने तयार केले. मोठ्या कंपन्यांनी त्यांना दारातूनच परत पाठवले. पुढे हूव्हर कंपनीने भोवऱ्याचेच यंत्र बाजारात आणले, तेव्हा डायसन कोर्टात गेले आणि २००० साली जिंकले. ही हूव्हर कंपनी उभी राहिली तीही पेटंटवरच. ओहायोतल्या कँटन शहरातल्या जेम्स स्पँगलर या झाडूवाल्याने पंखा आणि उशीचा अभ्रा जोडून धूळ ओढणारे यंत्र बनवले होते. १९०८ साली त्याला पेटंट मिळाले आणि हूव्हर कुटुंबाने ते विकत घेतले. यंत्र समोर आहे, ते कसे चालते हे कागदावर आहे, नक्कल झाली तर दाखवता येते. अशा पेटंटबद्दल तक्रार करायला जागा नाही.

संगणकाकडे वळले की जमीन घसरू लागते. १९९९ मध्ये अॅमेझॉनला अमेरिकेत ‘एका क्लिकमध्ये खरेदी’वर पेटंट मिळाले. ग्राहकाचा पत्ता आणि कार्ड आधीच साठवलेले असेल तर एक कळ दाबून ऑर्डर नोंदवायची, एवढीच ती कल्पना. त्याच वर्षी बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्यावर कोर्टाने तात्पुरती बंदी घातली आणि त्याला आपल्या ग्राहकांना आणखी एक क्लिक करायला लावावे लागले. ही बंदी २००१ मध्ये उठली, पेटंट मात्र २०१७ पर्यंत जिवंत राहिले. भारतीय कायद्याचे कलम ३(के) निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि व्यवसायाची पद्धत यांना पेटंट नाकारते. २००४ च्या वटहुकमाने हे कलम सैल केले होते, पण २००५ मध्ये संसदेने तो बदल उचलून धरला नाही. ते योग्यच झाले. भारतातली सॉफ्टवेअर कंपनी सुरू करणारी मुले कोडचा प्रत्येक तुकडा लिहिताना वकिलाला विचारत बसली असती, तर त्या कंपन्या उभ्याच राहिल्या नसत्या. पुढे २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अल्लानी यांच्या प्रकरणात स्पष्ट केले की, शोधात संगणक आहे एवढ्यावरून तो बाद होत नाही. त्याचा काही तांत्रिक परिणाम दिसतो का, ते पाहायला हवे.

खरी गुंतागुंत रोगनिदानात आहे, आणि ती समजायला डेनिस लो या संशोधकाइतके चांगले उदाहरण नाही.

लो हाँगकाँगचे, शिक्षण ऑक्सफर्डचे. गर्भातल्या बाळाचा डीएनए तपासायचा तर आईच्या पोटात सुई घालून गर्भजल काढावे लागे आणि त्यात गर्भपाताचा धोका होता. बाळाच्या पेशी आईच्या रक्तातच सापडतील, या आशेने लो यांनी कित्येक वर्षे पेशी शोधल्या. हाती फारसे काही लागले नाही. १९९६ मध्ये कर्करोगाच्या गाठीचा डीएनए रुग्णाच्या प्लाझ्मात तरंगताना सापडतो, असे सांगणारे दोन शोधनिबंध त्यांच्या वाचनात आले. गाठीचा सापडतो, तर त्याहून मोठ्या होणाऱ्या बाळाचा का सापडू नये? प्रयोगशाळांत पेशी काढून घेतल्यावर प्लाझ्मा टाकून दिला जाई. लो यांनी नेमका तोच हाती घेतला. त्यातून डीएनए काढण्याची पद्धत मात्र ठाऊक नव्हती. विद्यार्थिदशेत इन्स्टंट नूडल्स शिजवायचे, ते त्यांना आठवले आणि त्यांनी प्लाझ्मा पाच मिनिटे उकळला. मुलगा पोटात असलेल्या मातांच्या नमुन्यांत वाय गुणसूत्राचा अंश दिसला. १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा निबंध छापून आला. २०११ मध्ये डाऊन सिंड्रोमसाठीची गर्भजल न काढता होणारी चाचणी बाजारात आली. २०२२ मध्ये लो यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

या चाचणीचा पहिला पुरावाच मुलगा आहे की नाही, हा होता. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वाचून चरकायला होईल. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा याच राज्याने १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. कोणत्याही तंत्राने लिंग कळले तरी ते सांगायला बंदी आहे, मग तंत्र सुईचे असो की रक्ताच्या थेंबाचे.

लो यांच्या शोधावर ऑक्सफर्डला २००१ मध्ये अमेरिकन पेटंट मिळाले. सिक्वेनॉम कंपनीने त्याचे हक्क घेतले. पण २०१५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने ते रद्द केले. आईच्या रक्तात बाळाचा डीएनए असणे ही निसर्गाची करामत आहे, तो कोणी निर्माण केलेला नाही आणि तो ओळखण्याची तंत्रे आधीपासूनच वापरात होती, असा निकालाचा आशय. न्या. रिचर्ड लिन निकालाशी सहमत झाले ते तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आधीच्या निकालाने हात बांधले आहेत म्हणून. हा शोध पेटंटच्या लायकीचा होता, असे त्यांनी वेगळे नोंदवले.

त्यांच्या मताचा आदर राखूनही सांगायला हवे की, न्यायालयाचा निकाल रुग्णांच्या बाजूचा होता. मिरियड जेनेटिक्सचा अनुभव ताजाच होता. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडलेल्या बीआरसीए जनुकांवर त्या कंपनीचे पेटंट होते. चाचणीला तीन हजार डॉलरहून जास्त लागत. वाईट म्हणजे, अहवालाबद्दल शंका आली तरी दुसऱ्या प्रयोगशाळेत खात्री करून घेता येत नसे. अंडाशय काढायचे की नाही, असा निर्णय ज्या स्त्रीला घ्यायचा आहे, तिला दुसरे मत घेण्याची सोय नाही! १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, शरीरातून नुसता वेगळा काढलेला डीएनए कोणाच्या मालकीचा होत नाही. त्याच दिवशी इतर प्रयोगशाळांनी आपल्या चाचण्या जाहीर केल्या.

भारतात हे कुंपण कायद्यातच आहे. कलम ३(आय) माणसावरच्या उपचाराच्या आणि निदानाच्या पद्धतींना पेटंट देत नाही, आणि जागतिक व्यापार कराराला ते मान्य आहे. प्रश्न एवढाच उरतो की, निदान म्हणायचे कशाला? लो यांचे हाँगकाँगचे विद्यापीठ आणि सिक्वेनॉम यांचाच एक अर्ज त्यासाठी मद्रास उच्च न्यायालयात पोहोचला. ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, चाचणी शरीरावर होते की परीक्षानळीत, याने फरक पडत नाही. ती स्वतःहून विकार उघड करते का, हे पाहायचे. या अर्जातली पद्धत तसे करत नव्हती, म्हणून तिला नकार देणारा आदेश रद्द झाला. कसोटी चांगली आहे, तिची खरी परीक्षा पुढच्या अर्जांत होईल.

अशा कुंपणामुळे कोणी निदानावर पैसा लावणार नाही, ही भीती गोव्याकडे पाहिल्यावर ओसरते. तिथल्या मोलबायो कंपनीचे ‘ट्रूनॅट’ हे बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र आहे. चिपवर थुंकीच्या नमुन्यातला डीएनए वाढवून ते क्षयरोगाचा जंतू ओळखते, त्यासाठी वातानुकूलित प्रयोगशाळा लागत नाही. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. यंत्र, चिप, रसायनांचा संच यांवर हक्क सांगायला आपला कायदा आडवा येत नाही. तो फक्त जंतू आणि रोग यांच्यातल्या नात्यावर कोणाला मालकी सांगू देत नाही.

चिंता वाटते ती एक लाखाच्या बातमीमागे दडलेल्या नियमबदलाची. आपले पेटंट भारतात वापरात आहे का, हे मालकाने फॉर्म २७ भरून दरवर्षी कळवायचे असे. मार्च २०२४ पासून ते तीन वर्षांतून एकदा पुरते. २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून बायरच्या नेक्सावार या कर्करोगावरच्या औषधाचा सक्तीचा, म्हणजे पेटंटमालकाच्या संमतीशिवायचा, परवाना नॅटको कंपनीला दिला गेला आणि महिन्याचा २,८०,४२८ रुपयांचा खर्च ८,८८० रुपयांवर आला. औषध किती रुग्णांपर्यंत पोहोचले, हे ठरवताना याच फॉर्ममधले आकडे उपयोगी पडले होते. पेटंटची संख्या दिवसाला अडीचशेहून जास्त वाढत असताना त्यांच्या वापराची माहिती मागण्याचा वेग कमी करणे हे उलटे पाऊल आहे. निदान आरोग्याशी संबंधित पेटंटपुरती तरी वार्षिक माहितीची अट केंद्राने परत आणायला हवी.