हरभरा त्यांचा, तीळ आपला

सोलापूर–हैदराबाद रस्त्याने नळदुर्ग मागे पडलं की जळकोटची रानं लागतात. काळी, ओल धरून ठेवणारी जमीन. तीळ आणि हरभरा ही या भागातली जुनी पिकं. एक पावसाळ्यातलं, दुसरं थंडीतलं. हमस या अरबी पदार्थाला जे जे लागतं ते जवळजवळ सगळं इथल्या घरात आधीपासूनच असतं: हरभरा, तीळ, लसूण, लिंबू, मीठ. तरीही मी हमस पहिल्यांदा खाल्ला तेव्हा चकित झालो. हरभऱ्याची चव लगेच ओळखू आली, तिळाचीही. पण दोघांचं मिळून जे झालं होतं ते जिभेला अगदी नवं होतं. मऊसूत, आंबट, मागे किंचित कडसर, इतकं स्निग्ध की साय घातली असावी असं वाटावं. आणि त्यात दुधाचा थेंबही नाही.

आपण हरभऱ्याचं पिठलं करतो, पुरण करतो, वाटली डाळ करतो. तिळाचे लाडू वळतो, चटणी कुटतो, भोगीच्या भाकरीवर तीळ थापतो. पण हे दोघं एका भांड्यात असे एकजीव झालेले मी कधी पाहिले नव्हते. त्यांची गाठ पडली ती दूर, सीरिया-इजिप्तच्या बाजूला. तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या अरबी पाकग्रंथांत शिजवून ठेचलेला हरभरा आणि तिळाचं वाटण एकत्र करायच्या कृती आहेत. तेव्हा आंबटपणासाठी सिरका वापरत.

खरी नवलाची गोष्ट त्याच्याही मागची आहे. हरभऱ्याचा रानटी पूर्वज आजही आढळतो तो तुर्कस्तानच्या आग्नेय भागातल्या डोंगरांत, सीरियाच्या सीमेलगत. तिथल्या माणसांनी सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी त्याला शेतात आणलं. पुढे तो पूर्वेकडे सरकत सिंधूच्या खोऱ्यात आणि मग दख्खनच्या काळ्या मातीत येऊन असा रुजला की आज जगात सर्वांत जास्त हरभरा भारतातच पिकतो. तिळाचा प्रवास नेमका उलटा. त्याचा रानटी भाऊबंद आपल्या उपखंडातला, आणि हडप्पाच्या उत्खननात जळालेल्या तिळांचा गठ्ठा मिळाला आहे. इथून तो पश्चिमेला गेला. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटस लिहून ठेवतो की बाबिलोनचे लोक तिळाखेरीज दुसरं तेल वापरतच नाहीत. म्हणजे कडधान्य तिकडून इकडे आलं, गळिताचं धान्य इकडून तिकडे गेलं, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात दोघं भेटले.

या देवाणघेवाणीत आपला जिल्हाही आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचं, म्हणजे आपल्या तेरचं, नाव येतं. तिथून गाड्या भरून कापड भडोच बंदराला जाई. त्याच ग्रंथात भडोचमागच्या सुपीक मुलखातल्या तिळाच्या तेलाचा उल्लेख आहे. इकडून परतणारी गलबतं आजच्या ओमानच्या किनाऱ्यावरच्या मोस्का बंदरात थांबत आणि कापड, गहू, तिळाचं तेल देऊन बदल्यात धुपाचा सुगंधी डिंक घेत, असंही त्यात नोंदवलं आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयातल्या जुन्या वस्तू मी आता वेगळ्या नजरेने बघतो.

आता भांड्यातली करामत. हरभरा भिजवताना आणि शिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. दाण्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सोड्यामुळे सैल पडतं, टरफलंही विरघळू लागतात. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजता शिजत नाही हे आपल्याकडे कोणालाही सांगावं लागत नाही. त्या पाण्यातलं कॅल्शियम हेच पेक्टिन घट्ट करून ठेवतं. दाणा बोटांनी दाबताच पीठ झाला पाहिजे आणि गरम असतानाच वाटला पाहिजे, अगदी पुरणासारखा.

तिळाचं वाटण, म्हणजे ताहिनी, याहून मजेशीर. सालं काढलेले तीळ हलके भाजून वाटत राहिलं की पातळ होतात, कारण तिळात निम्म्याच्या आसपास तेलच असतं. त्यात थोडं लिंबू पिळा: पातळ व्हायचं सोडून ते एकदम घट्ट होतं, गोळा होतो. बघणाऱ्याला वाटतं, बिघडलं! तिळातल्या कोरड्या कणांनी ते थोडंसं पाणी शोषून एकमेकांना घट्ट धरलेलं असतं. घाबरू नये, आणखी थंड पाणी घालून फेटत राहावं. काही क्षणांत गोळा मोडतो, तेलाचे बारीक थेंब पाण्यात पसरतात, त्या थेंबांवर उजेड विखुरतो आणि तपकिरी वाटण डोळ्यांदेखत पांढरट होतं. सायीचा तो भास इथूनच येतो.

ही जोडी पोटालाही धार्जिणी आहे. हरभऱ्याच्या प्रथिनांत लायसिन भरपूर, मेथिओनिन कमी. तिळात बरोबर उलट. आणि लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे दोघांतलं लोह अंगी लागायला मदत होते.

एक अडचण मात्र आहे. अरब घरांत मोठा, पातळ सालीचा काबुली हरभरा वापरतात. आपला गावरान हरभरा जाड, तपकिरी सालीचा. अख्खा वाटला तर दाताखाली साल येते. त्याला माझं उत्तर सरळ आहे: डाळ घ्यावी. साल आधीच गेलेली असते, सोडाही लागत नाही. रंग थोडा पिवळा येतो, चव जास्त खमंग. वरून तेल आणि लाल तिखटाची चिमूट टाकावी. तिकडे भाकरीचीच बहीण शोभेल अशा खुब्झचा तुकडा मोडून हमस उचलतात; इथे ज्वारीची गरम भाकरी आहेच. येत्या माघात घाटे भरले की ओल्या हरभऱ्याचा हिरवा हमस करून बघणार आहे.