इंटरनेट कुठे अडले?

मुलांनो, नळाला पाणी आले नाही, तर तुम्ही काय करता? आधी शेजारी विचारता, "तुमच्याकडे पाणी आहे का?" त्यांच्याकडे असेल, तर बिघाड आपल्याच घरात आहे हे कळते. मग टाकी पाहता, कॉक पाहता. घरातले इंटरनेट बंद पडले, की मात्र आपण गोंधळून जातो. खरे तर तेथेही असेच एकेक ठिकाण तपासत जायचे असते.

गेल्या वर्षी आमच्या घरी असा प्रसंग आला. आमच्याकडे पूर्वी केबलवाल्याचे कनेक्शन होते. ते बंद करून आम्ही दुसऱ्या कंपनीचे फायबरचे कनेक्शन घेतले. कंपनीचा माणूस दुपारी आला. त्याने भिंतीवर एक लहान डबा बसवला आणि आपल्या मोबाइलवर इंटरनेट चालवून दाखवले. आमचा जुना राउटर चांगला होता आणि घरातल्या सर्वांच्या मोबाइलमध्ये त्याचाच पासवर्ड होता. म्हणून मी नव्या डब्याचे वाय-फाय त्याला बंद करायला सांगितले. तो गेल्यावर जुना राउटर त्या डब्याला जोडला. येथेच घोटाळा झाला!

रात्री नऊ वाजता धाकटी बहीण धावत आली. "भाईजान, काहीच उघडत नाही!" तिला बी. एड.च्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायचा होता आणि त्याच रात्री बारा वाजता मुदत संपत होती. आमच्या घरात मोबाइलचे सिग्नल नीट येत नाहीत. मी गच्चीवर जाऊन कंपनीला फोन केला. उत्तर मिळाले, "तक्रार नोंदवली आहे. उद्या माणूस येईल." अम्मी म्हणाली, "जुनेच बरे होते!"

मग मी नव्या डब्यावरचे दिवे पाहिले. हे दिवे शोभेसाठी नसतात. फायबर म्हणजे काचेचा अतिशय बारीक तंतू. त्यातून विजेऐवजी प्रकाश धावतो. (पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये १९५० नंतरच्या दशकात अशा तंतूंच्या जुडीतून चित्र पाठवता येते हे दाखवले होते.) डब्यापर्यंत प्रकाश पोहोचला नाही, तर 'एल. ओ. एस.' नावाचा दिवा लाल होतो. तसे झाले तर तार कोठे दुमडली आहे का, एवढेच आपण पाहावे. तार उपसून तिच्या टोकात मात्र डोकावू नये. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. आमच्या डब्यावर लाल दिवा नव्हता. 'पॉन'चा हिरवा दिवा स्थिर होता. म्हणजे बाहेरची तार ठीक होती.

आता उरले डबा, राउटर आणि संगणक. अशा वेळी साखळीतली मधली कडी काढून पाहावी. मी राउटर बाजूला केला आणि संगणक तारेने थेट नव्या डब्याला जोडला. पान लगेच उघडले! बहीण अर्ज भरायला बसली. फोटो चढवताना तिचे हात थरथरत होते. अकरा वाजून वीस मिनिटांनी अर्ज स्वीकारल्याची पावती आली. अम्मीने सर्वांना चहा केला.

म्हणजे दोष राउटरमध्ये होता. पण तो बिघडला नव्हता. केबलवाल्याने आम्हांला एक नाव आणि पासवर्ड दिला होता. राउटर ते नाव सांगून आत जायला परवानगी मागत असे. कंपनी बदलली, तरी तो बिचारा तेच नाव पुकारत होता! आता त्याला ओळखणारे कोणी नव्हते. आमच्या नव्या कनेक्शनमध्ये ओळख पटवण्याचे काम तो डबाच करतो. म्हणून दुसऱ्या दिवशी मी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन जुने नाव काढले आणि 'ऑटोमॅटिक' हा पर्याय निवडला.

तरीही गंमत पाहा. राउटर जोडला गेला, पण पाने उघडेनात. इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणाला अंकांचा पत्ता असतो. (उर्दूतला 'पता' तुम्हांला ठाऊकच आहे.) आपण नाव लिहितो आणि 'डी. एन. एस.' नावाची यंत्रणा त्या नावाचा पत्ता शोधून देते. आमच्या राउटरमध्ये जुन्या कंपनीची डी. एन. एस. यंत्रणा लिहून ठेवलेली होती. अशा पुष्कळ यंत्रणा फक्त आपल्याच ग्राहकांना उत्तर देतात. रस्ता मोकळा होता, पण पत्ता सांगणारा गप्प होता. तेथेही 'ऑटोमॅटिक' केले आणि काम झाले.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. डब्याच्या मागे एक बारीक छिद्र असते. त्यात टाचणी घालून 'रीसेट' करण्याचा मोह पुष्कळांना होतो. तसे केल्यास कंपनीने भरलेली माहितीही पुसली जाऊ शकते आणि मग खरोखरच त्यांच्या माणसाची वाट पाहावी लागते. त्यापेक्षा दोन्ही यंत्रे बंद करा. आधी डबा सुरू करा, दोन मिनिटे थांबा, मग राउटर सुरू करा.

आमच्याकडे कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी आला. तोवर बहीण परीक्षेच्या तयारीला लागली होती.