भावी काळाची शाळा – लेखांक सहावा : पाबळचा विज्ञान आश्रम

वर्ध्याच्या १९३७ च्या शिक्षण परिषदेतून निघालेल्या नई तालीमचा विचार आपण मागील लेखांकात केला. तकली व चरखा यांच्याभोवती गुंफलेला तो अभ्यासक्रम पुष्कळ ठिकाणी मागे पडला, याचे एक कारण मला असे दिसते की, ज्या हस्तव्यवसायाच्या आधारे मुलाला शहाणे करावयाचे, तो व्यवसायच गावातून ओसरत चालला होता.

तोच प्रश्न पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, पाबळ या अवर्षणग्रस्त गावी, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापून नव्याने हाती घेतला. हिंदुस्थान लीव्हरमधील संशोधन सोडून आलेल्या या शास्त्रज्ञाने कोणताही एक व्यवसाय केंद्रस्थानी न ठेवता, गावाला जी कामे करवून घ्यावी लागतात व ज्यांसाठी गावकरी पदरचे पैसे मोजतील, तीच कामे शाळेतून गळालेल्या मुलांचा अभ्यासक्रम ठरविली.

पाण्याच्या शोधाचेच पाहा. विहीर पाडणे ही कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने कर्जाची बाब, आणि जागा दाखविणार तळहातावर नारळ घेऊन फिरणारा पाणाड्या! आश्रमातील मुले त्याऐवजी चार सळया एका रेषेत, समान अंतरावर जमिनीत ठोकतात, बाहेरच्या दोहोंतून वीज सोडतात आणि आतल्या दोहोंमधील विद्युद्दाब मोजतात. सळयांमधील अंतर जसजसे वाढवावे तसतसा अधिक खोल थरांचा विद्युत्‌रोध समजू लागतो, आणि अखंड काळ्या पाषाणाचा रोध मोठा, तर भेगाळलेल्या, पाणी धरून असलेल्या थराचा कमी, एवढ्या भेदावरून खोदाईची जागा सुचविता येते. गणितात नापास झालेला मुलगा येथे आलेख काढतो, भागाकार दोनदा ताडून पाहतो. कारण वहीत लाल शाईच्या एका रेघेवर भागली असती ती चूक येथे एखाद्या कुटुंबाला कोरड्या विहिरीच्या कर्जात लोटू शकते. ही जबाबदारी अंगावर घेणे, हाच मला या शिक्षणाचा गाभा वाटतो.

पुढे ही पद्धत माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीच्या वर्गांना, आठवड्यातून एक दिवस, लागू झाली. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे तिचे चार विभाग. २००२ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकचलित यंत्रांनी वस्तू घडविण्याची कार्यशाळाही आली.

अडचण आहे ती शिक्षकांची. बांधकाम शिकविण्यास गवंड्याहून आणि वीजजोडणी शिकविण्यास वायरमनहून लायक माणूस गावात मिळणार नाही, हे ओळखून या योजनेने अशा कारागिरांना निदेशक नेमले. परंतु शिक्षक म्हणून कायम नेमणूक व्हावयाची तर दफ्तर पदवीच मागते, आणि पिढीजात कसब अंगी असलेला माणूस मानधनावरच राहतो. या नियमांत कोणती दुरुस्ती करता येईल, याचा ऊहापोह पुढील लेखांकात करू.